भिशीवर चाललेलं घर

चोंग-ताल
२४ नोव्हेंबर २०२४

मीरगुल बाळा,

तुझ्या कपाळाचा मुका घेते आणि लिहायला बसते. इथं घर उभं आहे, चूल पेटते आहे, गाय आटली आहे, गुडघे कुरकुरतात. तू बरी आहेस असं मी धरून चालते. तुझ्याकडून काहीच कळत नाही, तेव्हा धरूनच चालावं लागतं.

पत्र टपालानं पाठवत नाही. सीमेपलीकडं अल्माटीला फेऱ्या मारणारा सामात ड्रायव्हर आहे ना, त्याच्या हातात देते. फोन केला असता, पण हल्ली फोनला कान फुटलेत म्हणतात. आणि खरं सांगू, फोनवर तू थोरल्या बहिणीला म्हणावं तसं नुसतं 'हं, एजे' म्हणतेस आणि मग लाइन जाते. पत्र अर्ध्यात टाकून देता येत नाही. येतं म्हणा, पण टाकलेलं मला दिसत तरी नाही.

घरात आता आसऱ्याला आलेल्या तिघी आहेत. जुळ्यांची आई अजून इथंच आहे, दारात कुणाही पुरुषाची चाहूल लागली की नवरा आला वाटून अजून भांडी पाडते. बाकी दोघी नवीन. तू लावलेली आपल्या मंडळाच्या कचेरीची पाटी मी उतरवून कोठीत ठेवली. पाटी बघून पोरं खडे मारायला लागली होती. बाजारात कांदे घ्यायला गेले तर कांदेवाली म्हणते, "तुम्हाला काय बाई, तुमचे पैसे समुद्रापलीकडून येतात, तुम्ही दोन किलो घ्या." मी अर्धा किलो घेतले आणि म्हटलं, "समुद्राला ओहोटी लागलीये गं." ती हसली, पण एक कांदा काही जास्त घातला नाही.

सप्टेंबरात तू गेलीस त्या दिवशी अंगणात जे बोलणं झालं, ते मी पुन्हा उगाळत नाही. बापलेकीचं बोलणं होतं. मी भाजी निवडत होते आणि ऐकू येत होतं, एवढाच माझा गुन्हा. तुझं म्हणणं होतं, नव्या कायद्याप्रमाणे यादीत नाव लावू, 'परदेशी प्रतिनिधी' म्हणतील तर म्हणोत, पैसा येत राहील आणि दार उघडं राहील. तुझ्या वडिलांचं म्हणणं होतं, बेयशेनालीच्या मुलीचं नाव त्या यादीत लागता कामा नये. मला विचारलं असतंत तर दोघांचंही बरोबर होतं. म्हणून कुणी विचारलं नाही.

तू नाव लावलं नाहीस. राजीनामा दिलास आणि गेलीस. यादीत नाव नाही म्हणून बाहेरचा पैसा बंद, आणि उरलेल्यात डिसेंबर निघाला असता. सोंग सगळ्याचं आणता येतं, पैशाचं येत नाही.

आता खरी बातमी. तुझ्या वडिलांनी वाट काढली.

त्यांची भिशी तुला ठाऊक आहेच. म्हातारे महिन्यातून एकदा जमतात, मेंढी कापतात, डब्यात पैसे घालतात आणि ज्याची पाळी त्याला डबा. तुझे वडील, आपले आके, मागच्या भिशीत उठून म्हणाले, "ही पोरीबाळींची जागा आपल्या गावची आहे. परक्यांनी पोसली म्हणून तिला परकी म्हणता ना, मग आपण पोसू. हा हिवाळाभर डबा त्या घराला द्या." सगळे आपापल्या चहाच्या वाटीत बघायला लागले. मग मेंढ्यांचा व्यापारी कोचकोरबाय, आपला पांढऱ्या दाढीचा आक्साकाल, ज्याच्या मुठीतून सोमाचं नाणं सुटायला मुहूर्त लागतो, तो म्हणाला, "माझे दुप्पट धरा." मग काय, दाढ्या हलल्या आणि सगळे हो म्हणाले.

आके मला हे सांगायला आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, बाळा, मी गेल्या कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. म्हणाले, "बुरमाकान, आता कुणाचा बाप आपल्याला परदेशी म्हणत नाही."

एकच अडचण आली. डबा ज्याला मिळतो, त्यानं आपल्या घरी जेवण घालायचं, ही भिशीची रीत. मी म्हटलं, कचेरीच्या खोलीत घालते. कोचकोरबाय म्हणाला, "कचेरीत भिशी? आम्ही जेवायला येतोय की ऑडिटला?" सगळे हसले. तेव्हा मी त्यांना घरी बोलावलं. या घरी.

तू रागावशील. या घराचा पत्ता कुणाला सांगायचा नाही, हा तुझा पहिला नियम. परदेशी मंडळी तर प्रत्येक कागदावर ते लिहून घ्यायची, आणि आपण हसायचो, की चोंग-तालमध्ये कुणाच्या कोंबडीनं कुठं अंडं घातलं तेसुद्धा सगळ्यांना माहीत असतं. पण आज मला वाटतं, माहीत असून माहीत नसल्यासारखं वागणं हाही एक पडदाच असतो. तो मी उचलला. दुसरं काय करणार होते? ज्यांचं खायचं, त्यांनाच दार दाखवायचं नाही, हे माझ्यानं झालं नसतं.

जेवण मात्र देखणं झालं. तिघींना आणि मुलांना मी दिवसभर शेजारी धाडलं होतं. मेंढीचं डोकं कोचकोरबायपुढे ठेवलं, बाकीचे तुकडे वयामानानं ज्याचे त्याला. तुझ्या वडिलांना मानाचं मांडीचं हाड मिळालं. शेवटी कोचकोरबायनं हात पसरून आशीर्वाद दिला, की या घरात कुणाच्या डोळ्यात पाणी न येवो, हे आपलं घर आहे. मी दाराआड रडले. थकलेल्या माणसाला कुणी 'आपलं' म्हटलं तरी रडू येतं.

कोळसा आला आहे. तू ऊब धरून राहा. अल्माटीत वारा कानात शिरतो म्हणतात.

तुला रोज आठवणारी,
बुरमाकान एजे


चोंग-ताल
३० जानेवारी २०२५

मीरगुल,

आज थोडंच लिहिते. सामात बाहेर गाडी चालू ठेवून बसलाय आणि कोठीच्या हातभर खिडकीच्या फटीतून पत्र घेणार आहे. फटीतून का, ते सांगते.

आधी दुसरं. समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या देशानं आपणच थैलीचं तोंड बांधलं म्हणे. इथल्या कायद्यानं नव्हे, त्यांच्या स्वतःच्या नव्या हुकमानं. ज्यांनी नाव लावलं होतं त्यांचेही पैसे थांबले. पलीकडच्या जिल्ह्यातल्या त्या अपंग मुलांच्या शाळेनं नाव लावलं, शिव्या खाल्ल्या, आणि आता पैसेही नाहीत. पोळीही गेली आणि तवाही. मला वाटलं होतं ऐकून थोडं बरं वाटेल, की आपण नुसते शहाणे ठरलो. नाही वाटलं.

आता इथलं. गेल्या आठवड्यात एक मुलगी भर दुपारी बाजारातून पळत आली, पायात घरातल्या सपाता. बेरमेत नाव, एकोणीस वर्षांची, राजधानीत नर्सिंग शिकते, सुट्टीला आली होती. तिला गाडीत घालून पळवून नेलं होतं, लग्नासाठी. डोक्यावर लग्नाचा पांढरा रुमाल बांधायला बायका जमल्या होत्या, तो तिनं फेकला आणि भिंतीवरून उडी मारली. आई-बाप म्हणतात, गेलीस ना त्या घरात, आता तिथंच राहा, आमचं तोंड काळं करू नकोस.

पळवणारा एर्निस. कोचकोरबायचा नातू.

वाचून झालं असेल तर पुढं वाच. काल सकाळी दार वाजलं. फटीतून बघते तर कोचकोरबायची आई, उमसुनाय अपा, नव्वदीच्या पलीकडची, बर्फात एकटी काठीवर उभी. म्हणाली, "बुरमाकान, हातपाय गारठले गं, जरा टेकू दे." गारठलेल्या म्हातारीला बाहेर उभं ठेवायला मला कुणी शिकवलं नाही. मी दार उघडलं. ती पुढच्या पडवीत आली, काखेतलं नमद्याचं, जाड लोकरीचं आसन काढलं, आतल्या दाराच्या उंबऱ्याला आडवं अंथरलं आणि त्यावर पडली.

तेव्हापासून तिथंच आहे. मुलीनं जायचं तर तिला ओलांडून जावं लागेल. आणि म्हाताऱ्या बाईला ओलांडणाऱ्या मुलीला जन्माचा शाप लागतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही लेकराला विचार. बेरमेत नर्सिंग शिकते, शरीरातली सगळी हाडं तिला पाठ आहेत, पण ती उंबऱ्यापर्यंत जाते आणि मागं फिरते.

बाहेर एर्निसच्या मित्रांची गाडी उभी आहे. पोलीस शिपाई आला होता. चहा प्यायला, म्हातारीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "काकू, आजी झोपलीये. झोपण्याविरुद्ध कायदा नाही." आणि गेला.

घरात सगळ्याच कोंडल्यात. मी आतून दाराच्या फटीतून म्हातारीला चहा देते, ती आतबाहेर कुणाला सोडत नाही पण पिठाचे तळलेले बोर्सोक मात्र घेते. "तेलात जरा कमी तळलेस," म्हणाली.

सामात हॉर्न वाजवतोय. तुझ्या वडिलांना निरोप धाडला आहे. ते कोचकोरबायशी बोलतील. डब्याची गोष्ट त्यांनीच काढली होती, त्यांचा शब्द आहे.

बुरमाकान


चोंग-ताल
२ एप्रिल २०२५

लाडक्या मीरगुल,

नवं वर्ष सुखाचं जावो. नूरूझ होऊन गेला. बर्फ अंगणाच्या सावलीच्या कडेला तेवढा उरलाय, मळक्या लोकरीसारखा. दोन महिने तुला लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि उठून कोबी चिरायला लागायचे. घरात कोबी फार झाला.

बेरमेत सुटली, हे तुला सामातनं सांगितलंच असेल. कशी, ते त्याला माहीत नाही. ते मीच सांगायला हवं.

तू वाट बघत असशील की मी तुझ्या वडिलांचं सांगेन. सांगते. जरा दमानं.

मागचं पत्र सामातला दिलं त्या दिवशी दुपारी ते आले. एकटे नाही, कोचकोरबाय आणि भिशीतले आणखी दोघं बरोबर. ते पुढच्या दारानं आले नाहीत, कारण तिथं अपा आडवी होती. कोठीच्या बाजूला अंगणात उभे राहिले. मी कोठीच्या त्या हातभर खिडकीतून बोलत होते, तिकीटघरात बसल्यासारखी.

कोचकोरबायनं आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "बुरमाकान, आपण काही परके नाही. या घरात मी जेवलोय. आशीर्वाद दिलाय. दार उघड, पोरीशी बायका बोलतील, रुमाल बांधतील, संध्याकाळी आनंदानं जाऊ."

मी म्हटलं, "आक्साकाल, पोरगी नको म्हणते."

"सगळ्याच आधी नको म्हणतात. तू काय होय म्हणून आली होतीस?"

"मी होय म्हणूनच आले होते. म्हणून तर विधवा झाले तेव्हा रडले."

ते दोघं दाढीत हसले. कोचकोरबाय हसला नाही. म्हणाला, "हिवाळाभर या चुलीत कोणाचा कोळसा जळतोय, बुरमाकान?"

हेच ते. मला वाटलं होतं कुणीतरी हे कधीतरी म्हणणार. इतक्या लवकर म्हणेल असं वाटलं नव्हतं. परदेशी मंडळींचाही जाच होता, नाही म्हणत नाही. उंटावरून शेळ्या हाकायचे. एका वर्षी म्हणे हवामानावर काम करा, तर आपण घर सोडून आलेल्या बायकांकडून झाडं लावून घेतली आणि फोटो धाडले. पण त्यांनी कधी कुठली मुलगी परत मागितली नाही.

मी तुझ्या वडिलांकडे पाहिलं. ते बर्फाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बुरमाकान, नुसतं बोलू दे त्यांना. मी शब्द देऊन बसलोय. तू समोर बस, कुणी जबरदस्ती करणार नाही. फक्त बोलणं."

मी म्हटलं, "आके, रुमाल घेऊन आलेली बाई नुसतं बोलायला येत नाही. तुम्हाला मुलगी आहे."

बस, एवढंच बोलले. मला वाटत होतं खूप काही बोलेन, पण तोंडात तेवढंच आलं.

कोचकोरबाय म्हणाला, "बेयशेनाली, हे आता तुझ्यावर आहे. आम्ही तुझ्या शब्दावर पैसे घातले." आणि ते सगळे गेले. तुझे वडीलही त्यांच्याबरोबर गेले. मी खिडकी लावली आणि मनात म्हटलं, झालं, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या दाराशी बसले होते, दार बोटभर उघडं ठेवून, आणि अपा पलीकडे पडून होती. तिची आणि माझी अशी दोन दिवसांत बरीच ओळख झाली होती. ती म्हणाली, "पाठ दुखते."

मी म्हटलं, "मग उठा."

"उठले तर ती जाईल."

"जाऊ द्या की."

"पणतू रडतोय माझा."

"मुलगीही रडते."

"रडतात. मीही रडले. मग लेकरं झाली, रडायला वेळ राहिला नाही." मग म्हणाली, "बोर्सोक संपले का?"

तेवढ्यात मागच्या बाजूनं ठकठक ऐकू आली. गोठ्याच्या अंगाची जी खोली, जुळ्यांची आई राहते ती. मी गेले. खिडकीबाहेर तुझे वडील उभे होते, हातात पहार आणि पटाशी, आणि डोक्यावर जनावरांच्या डॉक्टराची ती जुनी टोपी. हिवाळ्यासाठी आपण फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या ते सोलत होते. कागद कसला, वर्तमानपत्र. फाडता फाडता एक बातमी वाचत थांबले.

मी म्हटलं, "आके, हे काय?"

"चौकट काढतोय."

"तोडताय की."

"काढतोय म्हटलं ना. मीच बसवली होती, मीच काढीन. मुलीला कोट घालायला सांग. आणि बुटांचं बघ काहीतरी, सपातांत घाट चढता येत नाही."

मी विचारलं, "आणि शब्द?"

त्यांनी पहार टेकवली. बोलले ते माझ्याशी नव्हे, खिडकीशी बोलल्यासारखे. "मी चाळीस वर्षं मेंढ्या पाहिल्या. पाय अडकलेली मेंढी सोडवायची असते. ती कोणाच्या कळपातली ते नंतर बघायचं. काल मी आधी कळप बघितला."

दुहेरी खिडकीच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही चौकटी निघाल्या. बेरमेतला माझे बूट झाले, दोन जोड मोजे घालून. त्यांनी तिला हात धरून खाली घेतलं. गाडी गोठ्याआड लावली होती, ती मागच्या शेतातून नेली. समोरच्या गाडीतल्या पोरांना कळलंच नाही. ती पोरं गाणी लावून बसली होती. आके तिला थेट राजधानीत तुझ्या त्या वकील मैत्रिणीच्या दारात सोडून आले.

आता सांगते ते ऐक. खिडकी निघाली आणि घरात असा गारठा शिरला की चूल थरथरली. मी नमदा घेऊन भोक झाकायला धावले, तोवर पडवीतून अपाचा आवाज आला. "बुरमाकान, हा वारा कुठून येतोय गं?"

मी आले. खोटं बोलावं असं मनात होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून बोलवेना. म्हटलं, "अपा, मागची खिडकी काढली. ती गेली."

मला वाटलं शाप देईल. ती उठून बसली, फार वेळ लागला तिला उठायला. भिंतीला टेकली आणि डोक्यावरचा रुमाल नीट करत राहिली. मग म्हणाली, "मला पळवून नेलं ते उन्हाळ्यात, कुरणावर. तंबूत ठेवलं होतं. तंबूला खिडकी नसते गं, बुरमाकान. दारच एक. आणि दारात नवऱ्याची आजी."

मी तिच्याजवळ बसले. आम्ही दोघी चहा प्यायलो. ती माझा हात धरून उठली आणि आपणहून बाहेर गेली. पणतवाच्या मित्रांना म्हणाली, "चला, मला घरी न्या, तुमची गाडी इथं फुकट जळतेय."

मला वाटलं संपलं. संपत नसतं.

कोचकोरबायनं पैसे परत मागितले नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं, मी गाय विकली असती. त्यानं भिशीत एवढंच म्हटलं, "दिलं ते दिलं. पण बेयशेनालीला आता आमच्यात ताट नाही." नूरूझला मशिदीमागच्या मैदानात सगळं गाव जेवायला बसलं. मांसाचे तुकडे वयामानानं वाटले गेले. तुला माहीत आहे ना, तुकडा वाढणारा पोरगा प्रत्येक म्हाताऱ्यापुढे थांबतो. तुझ्या वडिलांपुढून तो सरळ पुढं गेला. चुकून नव्हे. आकेंनी हात पुढं केला होता, तो त्यांनी मग दाढीवरून फिरवला, जणू त्यासाठीच उचलला होता. शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत रिकाम्या ताटापुढे बसले. मधूनच उठून जाणं त्यांना जमलं नाही. मी बायकांच्या पंगतीतून बघत होते.

बेरमेत कॉलेजात परत गेली. तिचा जबाब नोंदवला, खटला अजून 'बघतो, बघतो' वर आहे. तिनं एकदा फोन केला, माझे बूट कोणाबरोबर पाठवू विचारायला. मी म्हटलं, घाल तूच.

आता पैशाचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, आणि पुढचं सांगायचं म्हणून मी दोन महिने कोबी चिरतेय.

डबा बंद झाला. गावातली एकही चूल आता आपल्याला कोळसा देणार नाही. फेब्रुवारीत मी दोघींना त्यांच्या मावश्यांकडे पाठवलं. जुळ्यांच्या आईला कुठं पाठवणार? मग तुझ्या वकील मैत्रिणीनं एक वाट दाखवली. उत्तरेकडच्या कुठल्या तरी थंड देशातल्या काही बायकांचं मंडळ आहे, त्या वर्गणी काढून ऑक्टोबरपर्यंत घर चालेल एवढं देतील. हवामान नको, फोटो नकोत. पण पैसा बाहेरचा, म्हणजे यादीत नाव लागलं पाहिजे. अध्यक्षाच्या नावासकट. ती यादी सगळ्यांना दिसते, इंटरनेटवर असते, शेजाऱ्याच्या नातवालाही फोनवर दिसते.

मी म्हटलं, माझं नाव लावा. माझं काय जायचंय? कांदेवाली आधीच मला परदेशी म्हणते. मी कागद घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाला, अध्यक्षाचं शिक्षण लिहा. मी म्हटलं, सातवी, पुढचं वाचून वाचून. तो म्हणाला, काकू, नियमाप्रमाणे तुमच्या मंडळाच्या घटनेत लिहिलंय, अध्यक्ष पदवीधर हवा. ते कलम तूच घातलं होतंस ना, मीरगुल, त्या काळातल्या देणगीदारांच्या सांगण्यावरून. मी कागद गुंडाळले. घरी आले.

संध्याकाळी आके खिडकी परत बसवायला आले होते. नमद्यानं झाकली होती ती इतके दिवस. खिळे तोंडात धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खिळे काढले. विचारलं, "जनावरांच्या डॉक्टराची पदवी चालते का?"

मी म्हटलं, "आके, त्या यादीसाठीच तुम्ही मुलीला काय म्हणाला होतात, आठवतं ना?"

मी हे बोलायला नको होतं. पण बोलले. ते म्हणाले होते ते तुलाही पाठ असेल, मलाही आहे, भाजी निवडताना ऐकलेलं. 'त्या यादीत तुझं नाव लागलं तर माझ्या मयताला येऊ नकोस.' बाप चिडून काय काय बोलतो. पण तू ऐकलंस आणि त्या नावापायी घर सोडलंस, देश सोडलास.

त्यांनी खिळे खिडकीच्या चौकटीवर ओळीनं मांडले. म्हणाले, "मला वाटायचं, गावात बसायला ताट हवं. आता ताट नाहीच, तर नाव कशाला जपायचं?" मग म्हणाले, "नाही. असं नाही. हे खरं नाही. ती बरोबर होती. तिला दार उघडं ठेवायचं होतं आणि मला माझी जागा. एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले. मी बरोबर होते. तरुण साहेब खजील झालेला, कारण त्याच्या बापाची घोडी आकेंनीच वाचवलेली. त्यानं हळू आवाजात विचारलं, "आक्साकाल, नियम आहे म्हणून विचारतो. तुम्ही कोणत्या देशाचं प्रतिनिधित्व करता?"

आके म्हणाले, "मी सैन्यात असताना एकदा बाल्टिक समुद्र बघितला होता. तो धरायचा का?"

साहेब हसला नाही. आकेंनी सही केली. बाहेर आल्यावर पायरीवर बसले आणि म्हणाले, "बुरमाकान, थकलो गं. घोडं असतो तर विकून टाकलं असतं मला."

तेव्हा हे असं आहे. यादीत तुझ्या वडिलांचं नाव आहे. बेयशेनाली, वय चौऱ्याहत्तर. तूही बघू शकतेस. त्यांनी मला बजावलंय, मीरगुलला कळवू नकोस, तिला वाटेल मी तिला चिडवण्यासाठी केलं, किंवा तिला परत बोलावण्यासाठी केलं. दोन्ही खरं नाही म्हणतात. मी आजवर त्यांचं ऐकलं. आता ऐकत नाही.

रोज सकाळी ते इथं येतात. कोळसा फोडतात, बटाटे सोलतात, सालं जाड काढतात, मी बोलत नाही. जुळी त्यांच्या गुडघ्यावर बसून दाढी ओढतात. घरी जाताना वाटेत कुणी सलाम घेत नाही, म्हणून उशिरा जातात. छातीत दुखतं, डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणतात मी स्वतः डॉक्टर आहे. मेंढी असते तर बरे झाले असते.

रोज विचारतात, सामात तुझं पत्र घेऊन आला का. मी म्हणते, घाट बंद असेल, बर्फ असेल. आता एप्रिल आहे, मीरगुल. मी बर्फाचं अजून किती दिवस सांगू?

ऑक्टोबरनंतर काय, ते मला विचारू नकोस. तुझी परत येण्याची गोष्टही मी करत नाही. सीमेवर तुला काय विचारतील, किती वेळ बसवतील, ते तू जाणतेस, मी नाही. मी एवढंच मागते. या पत्राचं उत्तर मला लिहू नकोस. त्यांना लिही. चार ओळी लिही. रागाच्या लिहिल्यास तरी चालतील, वाचायला काहीतरी हवं त्यांना.

बुरमाकान